बागेचा चार्ज

आपलं नशीब नेमकं कोणत्या मिनिटाला फिरलं हे बहुतेकांना सांगता येत नाही. जावकरावांना येत होतं. मंगळवारी संध्याकाळी साडेसात वाजता, जेवणाच्या टेबलावर, पाण्याचा पेला खाली ठेवताना.

झालं होतं एवढंच. लेकीचे दिवस भरत आले होते आणि वहिनी सहा आठवड्यांसाठी तिच्याकडे निघाल्या होत्या. (जावकरावांच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणायची, तेव्हा आपणही तेच म्हणू.) बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या की बागेचं शेजारच्या कंपाउंडरांच्या बायकोला सांगून जाते, त्या सकाळ-संध्याकाळ पाणी घालतील. यावर जावकरावांनी पेला खाली ठेवला आणि विचारलं, "का, घरात माणूस नाही का?"

वहिनींनी मान वळवून बाहेरच्या खोलीत पाहिलं. मग स्वयंपाकघरात पाहिलं. खरोखर पाहिलं. तेवढ्यावर जावकराव गप्प बसले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि बरीच झाडं आज जिवंत असती. पण चौतीस वर्षं नोकरी करून दोन महिन्यांपूर्वी रिटायर झालेला माणूस अशा वेळी गप्प बसत नाही.

कचेरीत ते आवक-जावक टेबलावर होते. आलेला कागद नोंदवायचा, जाणारा कागद नोंदवायचा, एवढंच काम. पण त्यांच्या टेबलावर आलेला कागद संध्याकाळपर्यंत कुठे ना कुठे गेलेलाच असायचा, मग तो कुठे जायचा होता हा प्रश्न निराळा. यावरून त्यांना जावकराव हे नाव पडलं आणि पुढे खऱ्या नावाची कुणाला गरज लागली नाही. रिटायर झाल्यापासून मात्र ते नुसते वर्तमानपत्राच्या घड्या घालत बसले होते. घरात काही येत नव्हतं, घरातून काही जात नव्हतं. बायकोने बागेचा विषय काढताच त्यांना एकदम आपलं टेबल परत मिळाल्यासारखं वाटलं. बाग मी सांभाळतो, असं त्यांनी जाहीर केलं, फक्त चार्ज रीतसर लेखी पाहिजे म्हणाले.

वहिनी बॅगेत कपडे भरत होत्या आणि हे दारात रजिस्टर उघडून उभे. नग क्रमांक, नाव, प्रकार, शेरा, असे चार रकाने त्यांनी आखले होते. बांबूच्या काड्या तासून त्यांवर आकडे घातले होते. वहिनी घड्या घालता घालता सांगत गेल्या आणि जावकराव लिहीत गेले, आणि प्रत्येक नगाला काडी खोचायला बागेत पळत गेले. गुलाब सहा, शेवंती चार, पुदिना, मिरच्या, टोमॅटो, काकडीचा वेल, कुंपणावरची जाई. सतरा नंबरला वहिनी थांबल्या.

"सतरा म्हणजे ते कोपऱ्यातलं माझं झाड," त्या म्हणाल्या. "अर्ध्या पिंपातलं. लेकीच्या लग्नाच्या वर्षी लावलेलं. सहा वर्षांनी यंदा पहिल्यांदा त्याला फळ धरलंय, तीनच आहेत. बाकी बागेचं काय व्हायचं ते होवो, त्याला जपा."

जावकराव कोपऱ्यात गेले. पिंपातल्या झाडावर हिरवीगार, गोल, सुपारीपेक्षा थोडी मोठी अशी तीन फळं होती. सरकारी रजिस्टरात 'माझं झाड' असं लिहिणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. त्यांनी प्रकार या रकान्यात स्वतःच्या अधिकारात 'लिंबू' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. एकूण त्रेसष्ट नग झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी असताना वहिनींनी न वाचता सही केली, आणि जाता जाता एकच गोष्ट मागितली, की रोज सकाळी बागेचा एक फोटो पाठवायचा, म्हणजे तिकडे जीवाला घोर राहणार नाही.

आता कारकुनांत दोन प्रकार असतात. एक रोजचं काम रोज करणारा आणि दुसरा सगळं काम आधीच उरकून ठेवून मोकळा होणारा. जावकराव दुसऱ्या प्रकारातले. त्यांनी त्याच दुपारी त्रेसष्टच्या त्रेसष्ट झाडांचे फोटो काढून ठेवले. बाग पंधरा फूट बाय वीस फूट, आणि तिच्या मधोमध कपडे वाळत घालायची दोरी. त्या दोरीवर जावकरावांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने धुतलेला बनियन होता. नीळ जरा जास्त पडल्यामुळे तो आकाशाच्या रंगाचा झाला होता आणि बागेत कुठेही उभं राहिलं तरी नजरेत भरत होता. जावकरावांना त्याचा थोडा अभिमानच वाटला. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस फोटो, हातात त्रेसष्ट, म्हणजे एकवीस शिल्लक. यात फसवणूक नव्हती, हे आपण ध्यानात ठेवलं पाहिजे. त्या दिवशी तरी ती नुसती तत्परता होती.

मग कामकाज सुरू झालं. बागेत एक टेबल आलं, खुर्ची आली, रजिस्टर आणि शिक्का आला. वेळ अकरा ते पाच, मधे एक ते दोन जेवणाची सुट्टी. पाणी घालायचं ते बरोबर बारा वाजता, कारण टपाल फोडून कामाला लागायची त्यांची वेळ चौतीस वर्षं तीच होती. उन्हाळ्याचे दोनच महिने उरले होते, म्हणजे तो जाण्याआधी सगळं वसूल करून घेत होता. पाइपातलं पहिलं पाणी आंघोळीला चाललं असतं इतकं कढत यायचं. ते पाणी जावकराव भर माथ्यावरच्या उन्हात, प्रत्येक नगाला दोन मग असं मोजून घालायचे आणि शेरा मारायचे, 'प्रकृती समाधानकारक'. गुलाबाला दोन मग, पुदिन्याला दोन मग, कोरफडीला दोन मग. भेदभाव त्यांना मान्य नव्हता. रविवारी कचेरी बंद, म्हणजे पाणी बंद. दुसऱ्या शनिवारीही बंद.

नव्याचे नऊ दिवस गेले आणि दहाव्या दिवशी पुदिना गेला. गेला म्हणजे अक्षरशः गेला, सकाळी पाहावं तर कुंडीत नुसती काळी दोरखंडं. जावकरावांनी शेरा मारला, 'किंचित मलूल', आणि त्याला तिसरा मग मंजूर केला. त्याच सकाळी त्यांनी वहिनींना पुदिन्याचा फोटो पाठवला होता, हिरवागार, टवटवीत. तिकडून उत्तर आलं, "छान." त्या शब्दाची आवक त्यांनी कुठे नोंदवली नाही.

दुसरं संकट जमिनीतून वर आलं. बागेत ज्यांना काडी नाही अशी रोपं ठिकठिकाणी उगवायला लागली. नोंद नाही ते अनधिकृत, हा सरळ नियम. जावकरावांनी एका दुपारी वाफ्यातली शंभर-सव्वाशे कोवळी रोपं उपटून ढीग केला. ती झेंडूची होती. निघण्याच्या आदल्या रात्री वहिनींनी बी टाकलं होतं, आणि चार्जच्या यादीत ते यायचं कारणच नव्हतं, कारण तेव्हा ते मातीखाली होतं. हे त्यांना कंपाउंडरांनी कुंपणापलीकडून सांगितलं, तेही ढीग वाळल्यावर. झेंडूच्या मोकळ्या जागेत मग लव्हाळा आला. लव्हाळ्याला त्यांनी कात्रीने कापलं, तो दुप्पट आला. त्यांनी उपटला, तर पातं हातात आलं आणि गाठ जमिनीत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी त्या एका गाठीची चार पाती झाली. त्याच्या मागोमाग हरळी आली, घोळ आली. ऊन सगळ्यांना सारखंच होतं, पण गुलाब त्या उन्हात माना टाकत होते आणि लव्हाळा जणू त्याच्यासाठीच ऊन मागवल्यासारखा वाढत होता.

शेजारचे कंपाउंडर म्हणजे भला माणूस. उभा जन्म गोळ्यांच्या पुड्या बांधण्यात गेलेला, त्यामुळे कुणी आजारी आहे म्हटलं की त्यांचे हात शिवशिवायला लागायचे. त्यांनी बाग कुंपणावरून तपासली, एका गुलाबाचं पान डोळ्याच्या पापणीसारखं उलटं करून पाहिलं आणि अशक्तपणा आहे असं निदान केलं. घरून त्यांनी पांढऱ्या दाणेदार खताची पिशवी आणून दिली. चिमूटभर, दिवसातून तीनदा, सात दिवस, असं बजावून सांगितलं. आता काम प्रलंबित ठेवणं जावकरावांच्या रक्तात नाही. सात दिवसांचा कोर्स त्यांनी त्याच दुपारी पुरा केला आणि रजिस्टरावर 'निकाली' असा शिक्का मारला. तिसऱ्या दिवशी सहाही गुलाब काळे ठिक्कर पडले. कंपाउंडर आले, पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले की आता आपल्या हातात काही नाही. दवाखान्यात ऐकून ऐकून पाठ झालेलं वाक्य असावं ते.

एव्हाना त्रेसष्टपैकी जेमतेम तीस नग उभे होते. शेरे 'मलूल' वरून 'गंभीर' वर आणि 'गंभीर' वरून 'जावक' वर गेले होते. चार्ज परत देताना तेहतीस नगांची तूट दाखवायची, या विचाराने जावकरावांच्या तोंडचं पाणी पळालं. (बागेचं पाणी तर आधीच पळालं होतं.) चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून कागद चुकीच्या गावी गेले असतील, पण बेरीज कधी चुकली नव्हती. ते रजिस्टरासमोर डोकं धरून बसले. आणि बसल्या बसल्या त्यांना तो मार्ग सुचला, जो त्यांच्यासारख्या माणसालाच सुचू शकतो.

कचेरीत माणूस गेला म्हणून पद जात नाही. पद रिकामं होतं, आणि रिकामं पद भरायचं असतं. त्यांनी मेलेल्या पुदिन्याची काडी उपटली आणि शेजारच्या एका तरतरीत लव्हाळ्याजवळ खोचली. नग क्रमांक अकरा, हजर. गुलाबांच्या सहा काड्या घोळीला मिळाल्या. मिरच्यांच्या जागी हरळी रुजू झाली. दोन दिवसांत त्रेसष्टच्या त्रेसष्ट काड्या पुन्हा ताठ उभ्या राहिल्या आणि बेरीज जुळली. त्या रात्री जावकरावांना बऱ्याच दिवसांनी झोप लागली. उठल्यावर मात्र बागेकडे पाहून जे वाटलं ते झोप लागण्यासारखं नव्हतं.

या सगळ्या काळात वहिनींचा फोन रोज यायचा. बागेचं त्या फारसं विचारत नसत. विचारायच्या ते भलतंच.

"अहो, तुमच्याकडे बनियन किती आहेत?"

"पाच," जावकराव म्हणाले.

"धुता ना?"

"रोज धुतो."

"दोरीवरचे वाळले की काढता ना घरात?"

"काढतो की."

मग वहिनी बरं म्हणून फोन ठेवायच्या. असं आठवड्यातून तीनदा तरी व्हायचं. जावकरावांना भरून यायचं. इतक्या दूर, लेकीच्या बाळंतपणाच्या धावपळीतही ही बाई आपल्या बनियनची काळजी करते, असं त्यांनी कंपाउंडरांना सांगितलं, आणि सांगताना त्यांना स्वतःची लाज वाटली.

सतराव्या दिवशी नात झाली. वहिनींचा आवाज फोनवर हसत होता, रडत होता. मुलगी आणि बाळ दोघी ठीक आहेत म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, "कोपऱ्यातल्या झाडाला तेवढं सांभाळा. फळ पिकलं की पहिलं लेकीला पाठवायचंय मला. ठरवूनच ठेवलंय." जावकरावांनी हो म्हटलं. फोन ठेवून ते धावत कोपऱ्यात गेले. तीनही फळं जागेवर होती. त्यांनी बोटांनी तीनदा मोजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतलं एक पिंपाच्या बुडाशी पडलेलं होतं.

इथून पुढे जावकरावांनी जे केलं ते आधी केलं असतं तर काय पाहिजे होतं. त्यांनी अकरा ते पाच मोडलं. रविवार मोडला. उजाडताना एकदा आणि ऊन उतरल्यावर एकदा पाणी, दिवसभर झाडावर वहिनींची मोठी छत्री, बुंध्याशी ओलं गोणपाट. टेबल-खुर्ची त्यांनी पिंपाशेजारी हलवली, म्हणजे छत्रीचा कोन उन्हाबरोबर फिरवता यावा. रोज संध्याकाळी ते शिंप्याच्या टेपने उरलेल्या दोन फळांचा घेर मोजून रजिस्टरात लिहायचे. बाकी बागेला आता काही लागत नव्हतं, ती पाण्यावाचून, खतावाचून, जावकरावांवाचून माजली होती. पण त्या एका झाडापुढे ते बसून असायचे. एरवी घरातल्या कुणाच्या उशाशी ते असे बसल्याचं कुणाला आठवत नाही. लेक तापाने फणफणली होती तेव्हाही ते कचेरीत होते, जावक रजिस्टर अपुरं होतं म्हणून. हे त्यांना त्या पिंपाशेजारी बसल्यावरच आठवलं आणि फार वाईट वाटलं.

छत्तिसाव्या दिवशी दुसरं फळ गेलं. काही कारण नाही, वारा नाही, पाखरू नाही. टेबलावर बसल्या जागी टप असा आवाज आला. आता एकच उरलं. त्याला काही झालं तर, या भीतीने जावकरावांनी करू नये ते केलं. फळ पडू नये म्हणून देठाला दोरा बांधून वरच्या फांदीला अडकवावा असं त्यांच्या मनात आलं. पहिली गाठ बसली. दुसरी गाठ आवळताना देठ मोडला आणि फळ त्यांच्या तळहातात आलं. चष्म्यावर काहीतरी साचल्यामुळे त्यांना ते नीट दिसेना. घाम असेल, पण घाम असा आवाज करत नाही.

त्या संध्याकाळी खरं सांगून टाकायचं असं ठरवूनच त्यांनी फोन उचलला. पण पलीकडून आधी नातीचं रडणं ऐकू आलं, मग वहिनींचं दमलेलं "बोला". जावकराव म्हणाले की इकडे सगळं समाधानकारक आहे. वहिनींनी विचारलं, दोरीवरचे कपडे काढले का.

वहिनी यायच्या आदल्या दिवशी ते बाजारात गेले. खिशात टेप होता आणि रजिस्टरातल्या शेवटच्या मापांचं टिपण होतं. भाजीवालीच्या टोपलीतली लिंबं ते एकेक उचलून टेपने मोजायला लागले. तीनच हवीत, पिवळी नकोत, हिरवी पाहिजेत, देठासकट पाहिजेत, आणि फार मोठी नकोत, म्हणाले. भाजीवालीने विचारलं, "कशाला पाहिजेत, काका?" जावकराव म्हणाले, झाडाला लावायला. तिने पुढे काही विचारलं नाही, तिन्ही लिंबं स्वतःच निवडून दिली आणि त्यांच्याकडे फार मायेने पाहिलं. आजारी माणसाकडे पाहावं तसं.

हिरव्या दोऱ्याने त्यांनी ती तीन लिंबं बरोबर तीन जागी बांधली, गाठी पानांआड लपवल्या, आणि दहा पावलं मागे जाऊन पाहिलं. झाड पुन्हा पहिल्यासारखं दिसत होतं. नीट पाहिलं तर पानंही पूर्वीच्या निम्मी होती, पण पानं नोंदवलेली नव्हती.

बेचाळिसाव्या दिवशी दुपारी वहिनी आल्या. दोन खांद्यांना दोन पिशव्या, चेहरा उन्हाने लाल. घरात न शिरता त्या सरळ फाटकातून बागेत आल्या. जावकराव रजिस्टर छातीशी धरून उभे होते.

वहिनींनी सगळीकडे एकदा नजर फिरवली. गुडघाभर लव्हाळा, त्यात घोळ, कुंपणावर जाईचा नुसता सापळा, आणि त्या सगळ्या रानात त्रेसष्ट काड्या ताठ उभ्या. त्या एका काडीशी वाकल्या, आकडा वाचला, आणि तिच्या शेजारचं गवत बोटाने हलवून पाहिलं.

"हा माझा पुदिना?"

जावकराव म्हणाले, पद रिक्त झालं होतं.

वहिनींनी खांद्यावरच्या पिशव्या खाली ठेवल्या. दोरीवर त्या वेळी काही नव्हतं, त्यांनी रिकामी दोरी हाताने ओढून पाहिली. "तिसऱ्याच दिवशी खटकलं मला," त्या म्हणाल्या. "पहिल्या फोटोत तुमचा तो निळा बनियन, दुसऱ्यात तोच, तिसऱ्यात तोच, त्याच जागी, तीच बाही दुमडलेली. वीस दिवस मला वाटत होतं बागेचं जाऊ दे, यांना झालंय काय, हे आंघोळ करतात की नाही. कंपाउंडरांच्या बायकोला फोन केला तेव्हा समजलं. ती म्हणाली, भावोजी बरे आहेत, बाग गेली. म्हटलं ठीक आहे. दोघांतलं एक तरी राहिलंय ना."

बेचाळीस दिवस रोज सकाळी आठ वाजता, एकदाही खंड न पडता, त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध पुरावा पाठवला होता. तरी बुडत्याला काडीचा आधार असतो, आणि त्यांच्याकडे तर सतरा नंबरची काडी होती.

"बाकी सगळं गेलं, कबूल," ते म्हणाले. "पण तू जे जपायला सांगितलंस ते जपलंय. ये, बघ." आणि ते तिला हाताला धरून कोपऱ्यात घेऊन गेले.

वहिनी झाडासमोर उभ्या राहिल्या. एक फळ पाहिलं. दुसरं पाहिलं. तिसऱ्याला बोट लावलं, तर ते दोऱ्यावर गर्रकन फिरलं. कुंपणापलीकडे कंपाउंडर उभे होते, ते हळूच घरात गेले.

"अहो," शेवटी वहिनी म्हणाल्या, "हे संत्र्याचं झाड आहे."

जावकरावांनी रजिस्टर उघडलं. सतरा नंबर, प्रकार लिंबू, खाली रेघ. ते त्यांनी तिच्यापुढे धरलंही.

वहिनींनी रजिस्टराकडे पाहिलं नाही. "लेक सासरी निघाली त्या सकाळी तिने संत्रं सोललं होतं, आठवतंय?" त्या म्हणाल्या. "दोन फोडी खाल्ल्या आणि तिला पुढे खाववेना. बाकीचं तुम्ही खाल्लंत. बिया ताटलीत होत्या, त्यातली एक मी उचलली. तुम्ही समोर बसला होतात."

जावकरावांना आठवलं. संत्रं गोड होतं, एवढंच आठवलं. ते मटकन खुर्चीवर बसले आणि म्हणाले की मला माफ कर, माझ्याकडून फळंही गेली आणि झाडही गेलं. हे त्यांनी शिक्का न मारता, शेरा न लिहिता, सरळ म्हटलं. तेहतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच म्हटलं असेल.

वहिनींनी वाकून बुंध्यावर नखाने बारीक ओरखडा काढला. सालीखाली ओलसर हिरवं दिसलं. त्यांनी अंगठा त्याच्यावर ठेवला आणि डोळे पुसले. मग ओलं गोणपाट पाहिलं, छत्री पाहिली, पिंपाशेजारच्या मातीत खुर्चीच्या पायांनी पडलेले खोल खड्डे पाहिले.

"झाड आहे," त्या म्हणाल्या. "कसं आहे देव जाणे, पण आहे."

त्यांनी हात पुढे केला तसं जावकरावांनी निमूट रजिस्टर दिलं. वहिनींनी सतरा नंबरचं लिंबू खोडलं, संत्रं लिहिलं, आणि शेवटच्या पानावर उभ्या उभ्या लिहून सही केली: 'बागेचा चार्ज परत घेतला. मिळालेला माल: झाड एक, गवत बासष्ट काड्या, लिंबं तीन.' मग लिंबं दोऱ्यासकट तोडून पदरात घेतली आणि घरात गेल्या.

जावकराव बाहेरच बसून राहिले. ऊन उतरायला लागलं होतं. थोड्या वेळाने वहिनी सरबताचा मोठा पेला घेऊन आल्या, त्यांच्या हातात दिला, आणि संपेपर्यंत कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या. पहिल्याच घोटाला जावकरावांचे डोळे घट्ट मिटले. बायको प्रवासाने दमलीय, साखर घालायला विसरलीय, असं त्यांना वाटलं.

ती विसरली नव्हती.